नानांनी दाखवलेला चंद्र

विश्वनाथ देवभानकर, म्हणजे नाशकातल्या तांबट आळीचे नाना, यांना अकरा वर्षांत एकही भाऊबीज मिळाली नव्हती, आणि त्याचं कारण एवढंच की त्यांच्यानंतर त्या तारऑफिसात दुसरा कोणी नोकरीला लागलाच नाही.

ऑफिस कोणतं ते सांगत नाही. नाशकात तारऑफिसं काही पन्नास नव्हती, आणि नानांना पेन्शन घ्यायची होती. तिथला रिवाज असा, की सणासुदीला सगळ्यांना सुट्टी. फक्त सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच खिडकी उघडी ठेवायची आणि यंत्रापाशी सर्वांत कनिष्ठ माणसाने बसायचं. नाना नोकरीला लागले तेव्हा कनिष्ठ होते. लग्न झालं, मुलगा झाला, डोक्यावरचे केस मागे सरले, तरी कनिष्ठच राहिले. दसऱ्याचं सोनं त्यांनी खिडकीतून घेतलं, संक्रांतीचा तिळगूळ खिडकीतून खाल्ला. रामनवमीच्या दिवशी येवल्याहून मुलगा झाल्याची एक तार आली. नानांनी ती उतरून घेतली, घडी घातली, वर पत्ता लिहिला आणि वाटपाला काळू शिपायाकडे दिली. काळू तासाभराने परत आला.

"घराला कुलूप हाय. माणूस गावला नाय."

नानांनी नियमाप्रमाणे "पत्त्यावर इसम आढळला नाही" असा शेरा मारला, आणि टाक खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की तो पत्ता आपला आहे, ज्याला मुलगा झाला तो इसम आपणच आहोत, आणि आपण बराच वेळ बाप आहोत.

हे सगळं त्यांनी सोसलं. पण भाऊबीज सोसवत नव्हती. थोरली बहीण कलाआक्का सायखेड्याला दिलेली. आई गेली तेव्हा नाना चार वर्षांचे. आक्काने त्यांना काखेत वागवून वाढवलं. सायखेडा नाशकापासून अठरा मैल, आणि मधल्या चार तासांच्या सुट्टीत तिथे जाऊन परत येणं फक्त गरुडाला जमलं असतं, तेही विष्णूला बरोबर न घेता. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आक्काला भाऊ होता, धडधाकट होता, सरकारी नोकरीत होता, तरी ती अकरा वर्षं चंद्राला ओवाळत होती. गावात नव्याने आलेल्या एका बाईने तर परवा तिच्या पाठीवर हात फिरवून म्हटलं होतं, "असू दे हो, देवानं नाही दिला भाऊ तर काय करायचं!" हे आक्काने पत्रात कळवलं होतं, खाली एक ओळ मोकळी सोडून. त्या मोकळ्या ओळीवर नानांना जेवण गेलं नाही.

आणि मग एकोणीसशे अडतीसच्या हिवाळ्यात ऑफिसात निसार अहमद आला. मालेगावचा, पंचविशीतला, डोळ्यांना जाड काचांचा चष्मा, हात यंत्रावर लोण्यासारखा. नानांना त्याचा हात दिसला नाही, चष्मा दिसला नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं की हा आपल्यापेक्षा कनिष्ठ आहे. त्यांनी त्या दिवशी काळूलासुद्धा "काळूजी" म्हटलं.

पण नाना माणूस भला. आपण अकरा वर्षं जे भोगलं ते दुसऱ्याच्या गळ्यात सगळंच कसं घालायचं? त्यांनी करार केला. "निसारभाई, तुमच्या ईदा माझ्याकडे. माझी दिवाळी तुमच्याकडे." बकरी ईदला नाना बसले. ठरल्याप्रमाणे दिवाळीचे चारही दिवस निसारचे. नानांनी ही बातमी तांबट आळीत इतक्यांदा सांगितली की यादवशेठ तांबट त्यांना येताना पाहिलं की हातोडा जोरजोरात चालवायला लागे. सायखेड्यालाही पत्र गेलं. आक्काचं उत्तर आलं: "ये. पुरणाचं करीन. चंद्राला निरोप दिला आहे."

दिवाळीला महिना राहिला असताना एका सोमवारी निसार खुर्ची ओढून जवळ बसला.

"नाना, एक घोटाळा झालाय. काल पहिला रोजा होता."

"मग? चांगलंच आहे की."

"एकोणतिसावा रोजा येतो रविवारी. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर सोमवारी ईद."

नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी पाडवा, सोमवारी भाऊबीज. त्यांनी कॅलेंडराचं पान मागून उलटून पाहिलं, तिथे काही वेगळं छापलंय का म्हणून.

"आणि नाही दिसला तर?"

"तर तिसावा रोजा, आणि मंगळवारी ईद. पण तुम्ही काळजी करू नका. मी जबान दिलीय. काहीही झालं तरी सोमवारी मी बसणार."

इथे नानांनी "बरं" म्हणायचं होतं. तेवढा एकच शब्द. पण निसारची मुलगी नसीम सात महिन्यांची, तिची ही पहिली ईद, हे नानांना माहीत होतं; आणि समोरच्याने मोठेपणा दाखवला की आपण त्याच्याहून वितभर जास्त दाखवायचा ही त्यांची खोड होती.

"छे! ईद तुमची, करार म्हणजे करार. मी बसणार."

"नाही नाना, मी."

"अहो मी म्हणतो ना, मी!"

हे पाऊण तास चाललं. मोठेपणात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि नेमका त्या दिवशी कोणी तरी तो धरायला हवा होता. शेवटी काळू म्हणाला, "मंग दोघंबी बसा, म्या घरी जातो." तेव्हा तोडगा निघाला. रविवारी चंद्र दिसला तर सोमवारी नाना बसतील. नाही दिसला तर निसार. नाना घरी आले ते विजयी मुद्रेने, आणि उंबरठ्यातच त्यांना कळलं की आपण जिंकलो म्हणजे काय झालं.

बायको गोदूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही भांडून कामावर राहिलात?"

"तसं नाही ते. तत्त्वाचा प्रश्न होता."

"वन्संना पत्रात तत्त्वच पाठवा मग पुरणाऐवजी खायला."

आळीला बातमी कळायला वेळ लागला नाही, आणि आळीत सल्ला विकत मिळत नसे, वाटलाच जाई. यादवशेठ हातोडा खाली ठेवून म्हणाले, "आजारी पडा. पण आजार निवडून घ्या. ताप नको, हात लावला की कळतो. पोटात कळ घ्या. कळ कोणाच्या बापाला दिसत नाही." शेजारच्या खोलीतल्या चिमणाबाईंचा सल्ला अधिक धार्मिक होता.

"मावशी मारा."

"चिमणाबाई, मावशी तीन वर्षांपूर्वीच गेली."

"मग तर बरंच झालं. पापही लागायचं नाही."

पण नाना सरळमार्गी. त्यांनी वरच्या ऑफिसकडे रीतसर अर्ज केला, दोन प्रतींत, इंग्रजीत, की भाऊबीजेसाठी एक दिवसाची रजा मिळावी. आठ दिवसांनी उलट पत्र आलं: "श्री. भाऊबीज हे अर्जदाराचे कोण? अवलंबून असलेल्या नातेवाइकांच्या यादीत हे नाव नाही. आजाराचे स्वरूप कळवावे."

नानांनी रात्रभर जागून तीन पानी खुलासा लिहिला. त्यात यम आणि यमुनेची सगळी कथा घातली: या दिवशी खुद्द यमराज काम सोडून बहिणीच्या घरी जेवायला गेला, म्हणून हा दिवस पवित्र. शेवटी "यमासही या दिवशी रजा मिळाली होती, हे नम्रपणे निदर्शनास आणतो" असं लिहून त्याखाली रेघ ओढली. ती रेघ त्यांना फार आवडली. उत्तर आलं: "सदर दिवशी श्री. यम यांच्या जागी बदली इसम कोण होता, ते कळवावे. तूर्त युरोपात लढाई सुरू असल्याने रजा नामंजूर."

आता सगळं चंद्रावर आलं. कोजागरीला ज्याला दूध दाखवलं होतं त्या चंद्राचं नाव घेतलं तरी नाना चिडू लागले. पाडव्याच्या दिवशी निसार कामावर होता आणि नाना घरी. अकरा वर्षांनी पहिल्यांदा गोदूबाईंनी त्यांना सकाळच्या वेळी पाटावर बसवून ओवाळलं. पण निरांजन डावीकडून उजवीकडे जात होतं आणि नानांची नजर खिडकीतून वर आभाळात. दुपारी पश्चिमेला ढग जमले. चिमणाबाई ओरडल्या, "अगं बाई, आता माझी रांगोळी जाते!" नाना आतून म्हणाले, "जाऊ दे, जाऊ दे," आणि कितीतरी दिवसांनी शीळ घालायला लागले.

संध्याकाळी त्यांना घरात बसवेना. चंद्र दिसत नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. ते गोदावरीकाठच्या जुन्या गढीवर गेले. तिथे आधीच पन्नासेक माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. निसार ऑफिसातून थेट आला होता. खांद्यावर नसीम, चष्म्याच्या काचा तिच्या हातांनी पुसटलेल्या. ढगांचा एक पट्टा पांडवलेण्यांच्या डोंगरावर आडवा पडला होता. कोणी म्हणे तो बघा, आणि ती घार निघे. म्हातारे मौलवीसाहेब डोळ्यांवर हात धरून दमले आणि खाली बसले.

नानांनी सहज वर पाहिलं.

अकरा वर्षं गिऱ्हाइकांची पुसट पेन्सिलची अक्षरं लावून लावून त्यांची नजर घारीसारखी झाली होती. दोन ढगांच्या मधे, बोटभर फटीत, कापलेल्या नखाएवढी कोर होती. नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं. कोणालाच दिसलेली नव्हती. उजवीकडे पाहिलं, तिथेही नाही. वरचा ढग हळूहळू खाली सरकत होता. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की काम झालं. खोटं बोलायचं नव्हतं, मावशी मारायची नव्हती, पोटात कळ आणायची नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि तसं पाहिलं तर या बाबतीत नानांना विचारलंय कोणी? हिंदूची साक्ष इथे धरतं कोण? नानांनी मनात असे सात मुद्दे काढले आणि सातही बिनतोड होते.

तेवढ्यात निसार जवळ आला. दिवसभराच्या उपासाने ओठ सुकलेले, पण चेहऱ्यावर हसू.

"नाही ना दिसत, नाना? बरं झालं. जा आता बिनघोर, आक्का वाट बघत असतील. आम्हाला काय, एक दिवस आणखी." हे तो मनापासून म्हणाला, आणि असं मनापासून बोलणारा माणूस समोर असला की सात बिनतोड मुद्द्यांचं काय होतं ते नानांना त्या क्षणी कळलं.

"निसारभाई," नाना हात वर करून म्हणाले, "माझ्या बोटाच्या रेषेत बघा."

निसारने चष्मा पुसला. बघितलं. मग मौलवीसाहेबांनी बघितलं. मग सगळ्या गढीने बघितलं आणि एकच गलका झाला. कोणी नानांना मिठी मारली, कोणी पाठ थोपटली, एका म्हाताऱ्याने त्यांचा तो हात दोन्ही हातांत घेऊन "क्या नजर दी है अल्ला ने!" म्हणत डोळ्यांना लावला. पन्नास माणसांच्या मधोमध नाना उभे होते, आणि गढीवर तोंड उतरलेला माणूस तेवढा एकच होता.

आता आक्काला निरोप पाठवायला हवा. बाजारात सायखेड्याचा पुंजाराम भाजीची रिकामी गाडी जुंपत होता. नाना धापा टाकत पोचले.

"पुंजाराम, आमच्या आक्काला सांग, नानांना तारेवर बसावं लागलं, म्हणून येणं होत नाही."

"सांगतो की. तार, अन् येनं व्हत नाय."

"बरोबर."

बरोबर कसलं! त्या काळी घरोघर तार म्हणजे एकच गोष्ट, कोणी तरी गेलं. पुंजाराम गाडीत झोपला, बैलांनी त्याला पहाटे सायखेड्याला पोचवलं, आणि डोळे चोळत त्याने आक्काच्या दारात निरोप दिला, "आक्का, नानांची तार हाय. त्यांचं येनं आता काय व्हनार नाय."

सोमवारी सकाळी नाना खिडकीत बसले. बाहेर रांग लांबलेली: अर्धी ईदेच्या मुबारकबादीची, अर्धी दिवाळीची. नाना मान खाली घालून शब्द मोजत होते. त्याच वेळी तांबट आळीत एक दमणी घामाघूम बैलांनिशी येऊन थांबली आणि तीतून कलाआक्का उतरली, पदर तोंडात, मागे तिचे यजमान. नानांच्या दाराला कुलूप. गोदूबाई आपल्या भावाकडे गेलेल्या. ते कुलूप पाहून आक्काने हंबरडा फोडला. चिमणाबाई बाहेर आल्या आणि कोण गेलं हे न विचारताच शिष्टाचार म्हणून तिच्या गळ्यात पडून रडल्या. मग जरा वेळाने त्यांना काहीतरी आठवलं.

"अगं पण, मावशीला जाऊन तीन वर्षं झाली, आज काय रडतेस?"

"मावशी कसली? माझा भाऊ, माझा विसू!"

"विसू? तो तर सकाळी डबा घेऊन गेला की कामावर!"

तिथून तारऑफिस हाकेच्या अंतरावर. आक्का रांगेतून वाट काढत खिडकीशी आली. नानांनी वर न बघता फॉर्म पुढे सरकवला. "अक्षर सुवाच्य काढा. पत्ता पूर्ण लिहा."

"विसू! मेल्या, तू जिवंत आहेस?"

नानांनी वर पाहिलं. आक्काचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, नेसण घरातलं. गजांतून तिचा हात आत आला आणि नानांच्या गालावर एक सणसणीत बसली. आणि लगेच त्याच गालावरून तोच हात फिरत राहिला.  रांगेतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, "आधी यांचं होऊ द्या."

"आक्का, मी फक्त तारेवर बसतो असं सांगितलं होतं गं."

"बस. आता तसाच बस. हलायचं नाही." आक्काने नाक पुसलं. "आज भाऊबीज आहे. चंद्र गेला खड्ड्यात."

आत यायला बाहेरच्या माणसाला बंदी, आणि खिडकी सोडून बाहेर जायला नानांना. शिवाय आक्का घरून निघाली ती तशीच. ना ताम्हन, ना निरांजन. काळूने माठावरचं पितळी झाकण आणलं. लाखेचे शिक्के मारायची मेणबत्ती आणली. रांगेतल्या एकाने चंचीतून सुपारी काढून दिली. कुंकू मात्र कोणाकडे नव्हतं. आक्काने खिडकीपाशी ठेवलेली लाल शाईची दौत पाहिली, बोट बुडवलं आणि गजांतून नानांच्या कपाळावर लांबलचक टिळा ओढला. शाई सरकारी होती. पुढे तीन दिवस नाना तपासून चूक काढलेल्या कागदासारखे हिंडत होते.

आक्काने झाकण उचललं, मेणबत्तीची ज्योत गजांसमोरून एकदा फिरली, आणि यंत्र वाजायला लागलं.

"थांब आक्का." नानांनी टाक उचलला. आक्का झाकण धरून उभी. मेण तिच्या बोटावर ओघळत होतं. तिने भावाला यंत्रापाशी असं कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तिला मनातून वाटत आलं होतं की विसूची कामाची सबब आहे. बायकोच्या माहेरी जात असेल. यंत्र कट्ट-कडकट्ट बोलत होतं आणि विसू मान तिरकी करून, लहानपणी गोष्ट ऐकायचा तसा ऐकत होता. त्याने लिहिलं, घडी घातली, काळूच्या हातात दिली, आणि क्षणभर टाक तसाच हातात राहिला.

"कोणी गेलं का रे?"

"सांगता येत नाही, आक्का. नियम आहे."

"विसू."

"कोणी गेलं नाही," नाना हळू म्हणाले. "कोणी येत नाहीये. एवढंच."

"अशा किती आल्या सकाळपासून?"

"ही नववी."

 आक्काने मेणबत्ती सरळ केली आणि उरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या, अगदी सावकाश, जणू मागे रांग नव्हतीच.

"ईद मुबारक!" मागच्या दाराने निसार आत आला. नवी शेरवानी, अत्तराचा घमघमाट, हातात रुमालात बांधलेला पुडा. काय झालं ते काळूने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. निसारने पुडा नानांच्या हातात दिला. "खजूर आणि बदाम आहेत, नाना. शिजवलेलं काही नाही. आक्कांना चालेल. आणि आता उठा."

"अहो, करार—"

"करार ईदेचा होता. घरी बायकोचं जेवण लागेपर्यंत अर्धा तास माझा आहे, तो मी कोणालाही देईन. उठा म्हणतो ना!"

नानांनी तोंड उघडलं. मोठेपणाचं काहीतरी ओठांवर आलं होतं. मग त्यांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आक्काकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा निसारशी वाद न घालता म्हणाले, "बरं."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बहीण-भाऊ बसले. कामाच्या वेळी ऑफिसच्या या बाजूला नाना कधी बसले नव्हते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून आक्काने त्यांच्या हातात एक खजूर दिला, मग दुसरा, मग बी टाकायला आपला तळवा पुढे केला. यजमान बैलांना पाणी दाखवायला गेले होते. रस्त्यावरून नवे कपडे घातलेली पोरं जात होती, आणि कोणती कोणत्या सणाची ते ओळखू येत नव्हतं.

आत यंत्र पुन्हा बोलायला लागलं. आक्काने कान टवकारले.

"काय म्हणतंय रे ते?"

नानांनी बी आक्काच्या तळव्यावर ठेवली आणि पुड्यात हात घातला.

"कोण जाणे," ते म्हणाले. "मी ऐकत नव्हतो."